फोर व्हील ड्राइव्ह वाहनाचा पुढचा ॲक्सल व लॉकिंग हब : दोषनिदानाची अन्वय-व्यतिरेक पद्धती (विशेष संदर्भ : रत्नागिरी जिल्हा)

गोषवारा

चारही चाकांना चालना देणाऱ्या वाहनाचा पुढचा ॲक्सल वर्षातील बहुतांश काळ निष्क्रिय असतो आणि नेमक्या अडचणीच्या प्रसंगी त्याच्याकडून पूर्ण कार्याची अपेक्षा केली जाते. त्यामुळे त्यातील दोष न वापरल्याने जन्म घेतात व गरजेच्या वेळी उघड होतात. असा दोष शोधताना सुटे भाग उघडण्यापूर्वी हब व ट्रान्सफर केस यांच्या चार अवस्थांतील वाहनाच्या वर्तनाची तुलना केल्यास दोषाचे स्थान बऱ्याच अंशी निश्चित करता येते, असे प्रतिपादन प्रस्तुत लेखात केले आहे. भारतीय तर्कपरंपरेतील अन्वय-व्यतिरेकाच्या तत्त्वाशी या पद्धतीचे असलेले साधर्म्य स्पष्ट करून रत्नागिरी जिल्ह्यातील पाऊस, जांभ्याची धूळ व खारी हवा यांच्या संदर्भात तिची उपयुक्तता मांडली आहे.

बीजसंज्ञा : पुढचा ॲक्सल, लॉकिंग हब, डिफरन्शियल, ट्रान्सफर केस, दोषनिदान, अन्वय-व्यतिरेक.

१. प्रस्तावना

रत्नागिरी जिल्हा हा पश्चिमेस अरबी समुद्र व पूर्वेस सह्याद्री यांच्यामध्ये वसलेला चिंचोळा, चढउतारांचा प्रदेश आहे. वार्षिक पर्जन्यमान सरासरी ३,००० मिलिमीटरहून अधिक असून त्यातील बहुतेक पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. कुंभार्ली, आंबा, अणुस्कुरा व कशेडी या घाटांनी जिल्हा बाहेरच्या जगाशी जोडलेला आहे. तथापि मुख्य रस्त्यापासून वाडीपर्यंत, बागेपर्यंत किंवा चिरेखाणीपर्यंत जाणारी वाट अनेक ठिकाणी कच्ची, तीव्र चढाची व पावसाळ्यात निसरडी असते. अशा वाटांवर फोर व्हील ड्राइव्ह वाहन हे हौसेचे साधन न राहता निर्वाहाचे साधन ठरते. आंब्याच्या पेट्या खाली आणणे, खाणीवर मजूर नेणे, रात्री-अपरात्री एखाद्या रुग्णास डांबरी रस्त्यापर्यंत पोचविणे ही कामे त्यावर अवलंबून असतात.

अशा वाहनासंबंधी पावसाळ्याच्या तोंडावर गॅरेजमध्ये हमखास येणारी तक्रार म्हणजे ‘फोर व्हील पडत नाही’ ही होय. या एका वाक्यात वस्तुतः अनेक भिन्न दोष सामावलेले असतात. लिव्हर पडत नाही, लिव्हर पडतो पण पुढची चाके ओढत नाहीत, ओढतात पण आवाज येतो, किंवा एकदा पडलेला लिव्हर परत निघत नाही, अशा चारही परिस्थितींचे वर्णन मालक याच शब्दांत करतो. परिणामी अनेकदा ट्रान्सफर केस उतरविली जाते, ती निर्दोष आढळते आणि दोष अखेर हबमधील एखाद्या लहानशा स्प्रिंगमध्ये सापडतो. वाया गेलेली मजुरी व बुडालेले दिवस यांचा भार लहान बागायतदारावर किंवा वाहनचालकावर पडतो. म्हणून उघडण्यापूर्वी ओळखणे हा या विषयाचा गाभा आहे.

२. ऐतिहासिक पार्श्वभूमी

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेत निर्माण झालेली विलीज जीप ही या वाहनप्रकाराची जननी मानली जाते. तिच्या पुढच्या ॲक्सलमधील फिरते भाग चाकांशी कायमचे जोडलेले होते. युद्धानंतर या जीपगाड्या नागरी वापरात आल्या, तेव्हा डांबरी रस्त्यावर धावताना पुढचे दांडे व दंतचक्रे विनाकारण फिरत राहतात, इंधन व झीज वाढते, ही अडचण जाणवू लागली. १९४८ मध्ये अमेरिकेतील सिएटल येथे आर्थर वॉर्न यांनी सुरू केलेल्या उद्योगाने अशा गाड्यांसाठी लॉकिंग हब पुरविण्यास प्रारंभ केला. गरज नसताना चाक दांड्यापासून मोकळे करण्याची सोय त्यामुळे झाली.

भारतात १९४५ मध्ये स्थापन झालेल्या व पुढे महिंद्र अँड महिंद्र या नावाने प्रसिद्ध झालेल्या कंपनीने १९४० च्या दशकाच्या अखेरीस मुंबईत विलीज जीपची जुळणी हाती घेतली. त्या घराण्यातील वाहने पुढे अनेक दशके ग्रामीण महाराष्ट्रात वावरली. १९८५ मध्ये मारुती जिप्सी व २०१० मध्ये महिंद्र थार बाजारात आली. २०२० मध्ये थारची नवी आवृत्ती आली. अनेक जुन्या जीपगाड्यांना मुळात लॉकिंग हब नव्हते, त्यांच्या जागी चाक व दांडा कायम जोडणारी साधी तबकडी असे. त्यांपैकी कित्येकांना मालकांनी नंतर हब बसवून घेतले. त्यामुळे एकाच वस्तीत तीन पिढ्यांची यंत्रणा असलेली वाहने आढळणे शक्य असते आणि निदानाच्या आरंभी समोरच्या वाहनात हब कोणत्या प्रकारचा आहे, हे पाहणे आवश्यक ठरते.

३. रचना व कार्य

इंजिनाची शक्ती गिअर बॉक्समधून ट्रान्सफर केसमध्ये येते. तेथून एक प्रोपेलर शाफ्ट मागे व दुसरा पुढे जातो. मागील चाकांस चालना नेहमीच मिळते. पुढील शाफ्टास ती लिव्हर टाकल्यावरच मिळते. पुढचा शाफ्ट पिनियनला व पिनियन क्राउनला फिरविते. क्राउनसोबत असलेले डिफरन्शियल ही गती डाव्या व उजव्या ॲक्सल शाफ्टांत विभागते. पुढची चाके वळावयाची असल्याने प्रत्येक शाफ्टास चाकाजवळ एक सांधा असतो. गॅरेजच्या भाषेत त्यास ‘क्रॉस’ म्हणतात. सांध्यापलीकडील दांड्याचे टोक पोकळ स्पिंडलमधून बाहेर येऊन चाकाच्या मध्यभागी संपते. चाक मात्र स्पिंडलच्या बाहेरील अंगास असलेल्या दोन बेअरिंगांवर स्वतंत्रपणे फिरते.

याचा अर्थ असा की, चाक व दांडा या मुळात दोन स्वतंत्र वस्तू आहेत. हबचे कार्य त्यांना जोडण्याचे किंवा विलग ठेवण्याचे आहे. हबचे बाह्य अंग बोल्टांनी चाकाशी जखडलेले असते. आत एक दातेरी कडे दांड्याच्या खाचांवर सरकते. बाहेरची चकती फिरविली की तिच्यातील उतरती खोबण व स्प्रिंग यांच्या योगे ते कडे सरकते आणि त्याचे दाते बाह्य अंगाच्या दात्यांत बसतात. ओ-रिंग व गॅस्केट पाणी रोखतात, तर सर्क्लिप दांड्यास जागेवर ठेवते.

स्वयंचलित हबमध्ये दांडा फिरू लागताच कडे आपोआप सरकते व अनेक रचनांत वाहन काही मीटर उलट दिशेस नेल्यावर ते सुटते. निर्वातावर चालणाऱ्या हबमध्ये हेच कार्य रबरी नळ्यांतील हवेच्या दाबातील फरकाने होते. तेथे नळी चिरणे किंवा सील गळणे हा पहिला संशय असावा.

डिफरन्शियलचे दोन नियम निदानासाठी लक्षात ठेवावे लागतात. पहिला, क्राउनची गती ही दोन्ही शाफ्टांच्या गतीची सरासरी असते. दुसरा, साधे डिफरन्शियल दोन्ही शाफ्टांस जवळपास समान पीळबल देते. म्हणून एका बाजूस प्रतिकार शून्य झाला, तर दुसऱ्या बाजूसही बल मिळत नाही. याचा व्यावहारिक परिणाम मोठा आहे. एक हब जुळला नाही तर वाहन ‘तीन चाकांवर’ चालते, अशी समजूत आढळते. वस्तुतः न जुळलेल्या बाजूचा दांडा रिकामा फिरतो व जुळलेल्या बाजूचे चाकही ओढत नाही. एका हबचा बिघाड हा संपूर्ण पुढच्या ॲक्सलचा बिघाड ठरतो.

४. चार अवस्था

हाताने चालविण्याच्या हबचे ‘मोकळा’ व ‘जोडलेला’ आणि ट्रान्सफर केसचे ‘टू व्हील’ व ‘फोर व्हील’ असे प्रत्येकी दोन पर्याय असल्याने एकूण चार अवस्था संभवतात. प्रत्येक अवस्थेत कोणता भाग फिरतो व कोणत्या भागावर भार येतो, हे पुढीलप्रमाणे सांगता येईल.

अवस्था १ – हब मोकळे, टू व्हील : केवळ चाके आपल्या बेअरिंगांवर फिरतात. शाफ्ट, क्रॉस, क्राउन-पिनियन व पुढचा प्रोपेलर शाफ्ट स्थिर राहतात.

अवस्था २ – हब जोडलेले, टू व्हील : चाके दांड्यांना फिरवितात व त्यांच्यामागे क्राउन-पिनियन आणि प्रोपेलर शाफ्टही फिरतात. भाग फिरतात, पण भार वाहत नाहीत.

अवस्था ३ – हब मोकळे, फोर व्हील : इंजिनाकडून प्रोपेलर शाफ्ट, क्राउन-पिनियन व दांडे फिरविले जातात, परंतु चाकांशी त्यांचा संबंध नसतो. वाहन प्रत्यक्षात मागील चाकांवरच चालते.

अवस्था ४ – हब जोडलेले, फोर व्हील : सर्व भाग फिरतात व भार वाहतात.

पहिल्या तीन अवस्था सपाट डांबरी रस्त्यावर बेताच्या वेगाने तपासता येतात. चौथी अवस्था मात्र माती, वाळू, चिखल अशा चाकास किंचित घसरू देणाऱ्या पृष्ठभागावरच तपासावी. त्याचे कारण भूमितीत आहे. वळताना पुढची चाके मागच्यापेक्षा मोठ्या वर्तुळावर चालतात. दोन ॲक्सलांमधील अंतर २.०३ मीटर असलेली जुनी जीप घेतली आणि मागील ॲक्सलचा मध्य ५ मीटर त्रिज्येवर फिरत आहे असे मानले, तर पायथागोरसच्या सिद्धांतानुसार पुढील ॲक्सलच्या मध्याची त्रिज्या सुमारे ५.४ मीटर येते. पुढच्या चाकांना सुमारे ८ टक्के अधिक अंतर कापावे लागते, पण ट्रान्सफर केस दोन्ही शाफ्टांना एकाच गतीने बांधून ठेवते. मातीवर हा फरक घसरण्यातून भरून निघतो. कोरड्या डांबरावर तो दांड्यांत पीळ होऊन साठतो.

५. अन्वय-व्यतिरेकाचे तत्त्व व त्याचे उपयोजन

भारतीय न्यायपरंपरेत कार्यकारणसंबंध ठरविण्यासाठी अन्वय व व्यतिरेक यांचा आधार घेतला जातो. कारण असताना कार्य असणे हा अन्वय, आणि कारण नसताना कार्य नसणे हा व्यतिरेक होय. पाश्चात्त्य तर्कशास्त्रात जॉन स्टुअर्ट मिल यांनी १८४३ मधील आपल्या ग्रंथात मांडलेल्या साम्य व भेद या पद्धतींशी त्याचे जवळचे नाते आहे. लॉकिंग हब असलेल्या वाहनात हे तत्त्व प्रत्यक्ष प्रयोगात आणण्याची सोय यंत्रातच असते, कारण एक चकती फिरविताच काही भागांची गती थांबविता वा सुरू करता येते. वाहन सुधारण्यासाठी जे बसविले, तेच निदानाचे उपकरण ठरते.

यावरून पुढील नियम निघतात. पहिल्या अवस्थेतही जे लक्षण दिसते, त्याचा संबंध क्राउन-पिनियन वा क्रॉसशी असू शकत नाही. तो चाकाचे बेअरिंग, टायर, ब्रेक, किंगपिन किंवा स्टिअरिंगचे सांधे यांच्याशी असतो. पहिल्या अवस्थेत नसलेले पण दुसऱ्या व तिसऱ्या दोन्ही अवस्थांत दिसणारे लक्षण शाफ्ट, डिफरन्शियल वा प्रोपेलर शाफ्ट यांच्याकडे निर्देश करते. केवळ दुसऱ्या अवस्थेत दिसते व तिसऱ्या अवस्थेत दिसत नाही, तर संशय हबच्या दात्यांवर घ्यावा. तिसऱ्यात दिसते व दुसऱ्यात दिसत नाही, तर तो ट्रान्सफर केसच्या पुढच्या जोडणीवर घ्यावा. फक्त चौथ्या अवस्थेत, म्हणजे भाराखालीच दिसणारे लक्षण झिजलेले दाते, ढिले क्रॉस किंवा बसलेले माउंटिंग यांचे असते.

स्वयंचलित हबमध्ये तिसरी अवस्था मिळत नाही, कारण दांडा फिरताच हब जुळतो. कायम जोडलेल्या तबकडीच्या वाहनात केवळ दुसरी व चौथी अवस्था शिल्लक राहते. तेथे अनुमानाची शक्ती त्या प्रमाणात घटते, ही मर्यादा मान्य केली पाहिजे.

५.१ पुढची चाके ओढत नाहीत

उदाहरणादाखल, पावसच्या परिसरातील एखाद्या कातळावरील बागेत चढणारी जुनी जीप विचारात घेऊ. लिव्हर पडतो, हब जोडलेले आहेत, तरी ओल्या चढावर मागची चाके घसरतात व पुढची स्वस्थ राहतात. अशा वेळी सपाट जागी मागच्या चाकांना दोन्ही बाजूंनी घट्ट अडसर लावावा, इंजिन बंद ठेवावे, पुढची दोन्ही चाके जॅकने उचलून ॲक्सलखाली भक्कम आधार द्यावा व ट्रान्सफर केस टू व्हीलमध्ये ठेवावी.

प्रथम प्रत्येक हब स्वतंत्रपणे तपासावा. दुसऱ्या बाजूचा हब मोकळा ठेवून चाक एकदा हब मोकळा असताना व एकदा जोडून हाताने फिरवावे. हब जुळला असेल तर चाक किंचित जड होते व ॲक्सलमधून दंतचक्रांचा मंद आवाज ऐकू येतो. चकती फिरवूनही काहीच फरक पडत नसेल, तर दोष त्याच हबमध्ये आहे. ज्या वाहनांत क्रॉस उघडा असतो तेथे तो फिरतो की नाही, हे डोळ्यांनीच दिसते. जुन्या जीपमध्ये तो गोलाकार आवरणात बंद असल्याने स्पर्श व श्रवण यांवर विसंबावे लागते.

त्यानंतर दोन्ही हब जोडून एक चाक साहाय्यकाने धरून ठेवावे, दुसरे पूर्ण एक फेरा फिरवावे व प्रोपेलर शाफ्टावर खडूने खूण करून त्याचे फेरे मोजावेत. क्राउन-पिनियनचे गुणोत्तर ५.३८ असेल तर शाफ्ट सुमारे २.७ फेरे फिरला पाहिजे, कारण सरासरीच्या नियमानुसार क्राउन अर्धा फेरा फिरते. दोन्ही हब निर्दोष ठरूनही शाफ्ट फिरला नाही, तर एखादा ॲक्सल शाफ्ट आत तुटला आहे किंवा डिफरन्शियल निकामी झाले आहे. शाफ्ट बरोबर फिरला, तर ॲक्सल निर्दोष असून ट्रान्सफर केसकडे वळण्यास आता आधार मिळतो. हा क्रम पाळल्यास सर्वांत खर्चिक भाग सर्वांत शेवटी उघडला जातो.

या तपासणीत एक धोका कटाक्षाने टाळावा. पुढची चाके उचललेली असताना इंजिन सुरू करून फोर व्हीलमध्ये गिअर टाकू नये. मागची चाके जमिनीवर असल्याने वाहन जॅकवरून उडी घेते व खाली असलेल्या माणसाच्या जिवावर बेतते.

हब सदोष ठरला तरी तो लगेच बदलण्याचे कारण नसते. चकती अर्धवट फिरून अडकत असेल, तर दाते समोरासमोर आले असण्याची शक्यता असते. वाहन वीतभर पुढे-मागे ढकलताच ते बसतात. पक्कड लावून चकती पिळण्याने ती तुटते. उघडल्यावर बहुधा घट्ट झालेले ग्रीस सापडते. हबमध्ये ग्रीस ठासून भरणे हे संरक्षण नसून अडथळा आहे. रॉकेल वा डिझेलने धुऊन, सुकवून पातळ थर दिला की अनेक हब पूर्ववत चालतात. स्प्रिंग मऊ पडली असल्यास, दात्यांच्या कडा गोल झाल्या असल्यास किंवा बाह्य अंगाचे बोल्ट ढिले राहून त्यांची छिद्रे लांबट झाली असल्यास मात्र सुटा भाग बदलावा.

५.२ घरघर व गुणगुण

चाकाच्या बेअरिंगची घरघर चारही अवस्थांत राहते. रस्त्याच्या वळणावर भार एका बाजूस गेला की ती वाढते वा घटते. क्राउन-पिनियनचा आवाज मात्र अधिक सुरेल असतो. तो पहिल्या अवस्थेत नाहीसा होतो, आणि चौथ्या अवस्थेत ॲक्सिलरेटर दाबताना व सोडताना त्याची पट्टी बदलते. प्रोपेलर शाफ्टाचा दोष आवाजापेक्षा कंपनातून, विशिष्ट वेगावर जाणवतो. स्टिअरिंगची डगमग पहिल्या अवस्थेत कायम राहत असेल, तर चार चाकांच्या चालनेशी तिचा संबंध नाही. किंगपिन, टाय रॉडचे सांधे व चाकांचा तोल यांची तपासणी करावी.

५.३ वळणावरील कटकट

साध्या क्रॉसमध्ये एक अंगभूत वैशिष्ट्य असते. सांधा वाकला की एकसमान फिरणाऱ्या दांड्याकडून पुढचा दांडा असमान गतीने फिरतो. सांध्याचा कोन ३० अंश असेल तर पुढच्या दांड्याची गती एका फेऱ्यात दोनदा सुमारे १५ टक्क्यांनी वाढते व दोनदा सुमारे १३ टक्क्यांनी घटते. म्हणून फोर व्हीलमध्ये स्टिअरिंग पूर्ण वळविल्यावर हातास बसणारे तालबद्ध झटके हा दोष नव्हे. समगती सांधे बसविलेल्या वाहनांत ते जाणवत नाहीत. मात्र स्पष्ट ‘कट-कट’ असा धातूचा आवाज, विशेषतः एकाच दिशेस वळताना येत असेल, तर त्या सांध्यातील सुया वा गोळ्या झिजल्या आहेत. असा क्रॉस भाराखाली तुटल्यास त्याचे तुकडे आवरण फोडू शकतात व स्टिअरिंग अडकू शकते. घाटातील वळणावर याचा अर्थ काय होतो, हे वेगळे सांगावयास नको.

५.४ लिव्हर परत न निघणे

हा बहुधा यंत्राचा बिघाड नसून वर उल्लेखिलेल्या साठलेल्या पिळाचा परिणाम असतो. वाहन काही मीटर सरळ मागे घेतल्यास पीळ सुटतो व लिव्हर निघतो. परंतु सरळ रस्त्यावरही वारंवार असे होत असेल, तर पुढच्या-मागच्या चाकांच्या परिघात वा गुणोत्तरांत तफावत आहे. टायरच्या परिघात १ टक्का फरक असला तरी प्रत्येक किलोमीटरमागे १० मीटरचा फरक साठू पाहतो. विलीज घराण्याच्या गाड्यांत ४.८८ व ५.३८ अशी दोन्ही गुणोत्तरे प्रचारात होती. जुन्या बाजारातून आणलेला ॲक्सल एका बाजूस बसविला गेला, तर तफावत १० टक्क्यांवर जाते. टू व्हीलमध्ये असे वाहन वर्षानुवर्षे बिनतक्रार चालते व फोर व्हील टाकताच भाग मोडते. दोन्ही चाके एकाच दिशेने दहा फेरे फिरवून शाफ्टाचे फेरे मोजले की हे कोडे उलगडते. एका ॲक्सलवर सुमारे ४९ व दुसऱ्यावर सुमारे ५४ फेरे आले, तर कारण हाती आले.

५.५ पाण्याचा शिरकाव

कोकणातील पुढच्या ॲक्सलचा मुख्य शत्रू भार नसून पाणी आहे. ॲक्सलवर हवा आत-बाहेर जाण्यासाठी एक लहान झडप असते. ती जांभ्याच्या धुळीने बुजते. तापलेला ॲक्सल ओढ्याच्या पाण्यात शिरला की आतील हवा झपाट्याने थंड होते. तापमान ७० अंश सेल्सिअसवरून ३० अंशांवर आले असे मानल्यास, बंद जागेतील हवेचा दाब वायूच्या नियमानुसार सुमारे १२ टक्क्यांनी घटतो. ही घट सुमारे १.२ मीटर उंचीच्या पाण्याच्या स्तंभाइतकी आहे. इतक्या ओढीपुढे चांगले ऑइल सीलही टिकत नाही व पाणी आत खेचले जाते. झडप साफ करण्यास काहीच खर्च येत नाही, तिच्याकडे दुर्लक्ष केल्यास क्राउन-पिनियन गमवावे लागते.

पाणी मिसळलेले नव्वद नंबरचे ऑइल दुधाळ दिसते. पाणी तळाशी साचत असल्याने रात्रभर उभ्या राहिलेल्या वाहनाचा खालचा बूच सकाळी किंचित सैल केल्यास प्रथम पाणीच गळते. २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीच्या महापुरात चिपळूण शहर पाण्याखाली गेले. अशा प्रसंगी बुडालेल्या वाहनाचे इंजिन तातडीने उघडले जाते, पण ॲक्सल व हब यांचा विसर पडण्याची शक्यता असते. पाणी व गाळ शिरलेले बेअरिंग काही आठवडे निमूटपणे चालते व नंतर अचानक निकामी होते. म्हणून पुरातून निघालेल्या वाहनाचे दोन्ही ॲक्सलांचे ऑइल, हबमधील व चाकाच्या बेअरिंगांतील ग्रीस हे सर्व, कोणतेही लक्षण नसतानाही, बदलणे इष्ट होय. किनाऱ्यावरील खारे पाणी अधिक घातक असते. वाळूत उतरलेले वाहन त्याच दिवशी गोड्या पाण्याने धुणे आवश्यक आहे.

६. अ-वापर : दोषाचे मूळ

उपरोक्त दोषांची मांडणी एकत्र पाहिल्यास एक बाब लक्षात येते. भारामुळे होणाऱ्या झिजेपेक्षा स्थिरतेमुळे होणारी हानी येथे अधिक महत्त्वाची आहे. हब मोकळे ठेवल्याने इंधन वाचते, परंतु ॲक्सल आठ महिने न फिरल्याने ऑइल तळाशी बसते, वरच्या बेअरिंगांवरील थर ओघळून जातो, दमट खारी हवा उघड्या पोलादावर गंज धरते व सीलचे रबर एकाच जागी ताठरते. धुळीचे सूक्ष्म कण ग्रीसमध्ये मिसळून पॉलिश करावयाच्या लेपासारखे धातूस घासतात. जूनच्या पहिल्या जोरदार सरीत चालक घाईने हब जोडतो, तेव्हा या निष्क्रियतेचा हिशेब एकदम चुकता होतो. ज्या सोयीमुळे झीज टळते, तीच सोय दक्षतेअभावी गंजास आमंत्रण देते, हा या यंत्रणेतील अंतर्विरोध आहे.

त्यावरील उपाय साधा आहे. महिन्यातून एकदा हब जोडून टू व्हीलमध्येच, म्हणजे दुसऱ्या अवस्थेत, काही किलोमीटर वाहन चालवावे. त्यामुळे भार न येता सर्व भागांवर ऑइल फिरते आणि आवाजाची तपासणीही आपोआप होते. मृग नक्षत्रापूर्वी, म्हणजे मे महिन्यात, हब उघडून स्वच्छ करावेत, झडप मोकळी करावी, बोल्ट आवळावेत व कच्च्या चढावर चौथ्या अवस्थेची परीक्षा घ्यावी. पावसाळा संपल्यावर ऑइलचा रंग पाहावा. शेतकरी ज्याप्रमाणे पेरणीपूर्वी अवजारांची डागडुजी करतो, त्याच क्रमात हे काम बसू शकते.

७. निष्कर्ष

१) पुढच्या ॲक्सलच्या दोषांचे स्थान चार अवस्थांच्या तुलनेतून, सुटे भाग न उघडता, बऱ्याच अंशी निश्चित करता येते. लॉकिंग हब हे त्या तुलनेचे तयार साधन आहे.

२) डिफरन्शियलच्या नियमानुसार एका हबचा बिघाड संपूर्ण पुढच्या ॲक्सलला निष्क्रिय करतो. म्हणून चाके न ओढण्याच्या तक्रारीत ट्रान्सफर केसपूर्वी दोन्ही हबांची स्वतंत्र तपासणी व्हावी.

३) वळणावरील तालबद्ध झटके, डांबरावर जड होणारे स्टिअरिंग व अडकलेला लिव्हर ही लक्षणे अनेकदा दोषाची नसून यंत्राच्या स्वभावाची वा चुकीच्या वापराची असतात. हा भेद न केल्यास निरोगी भाग उघडले जातात.

४) रत्नागिरीसारख्या जिल्ह्यात पाणी, धूळ व अ-वापर ही दोषांची प्रमुख कारणे असल्याने हंगामपूर्व तपासणी ही दुरुस्तीपेक्षा स्वस्त व सुरक्षित ठरते.

कुशल मिस्त्री ही पद्धती बहुधा अनुभवाने जाणतो. चाक हाताने फिरवून, कान लावून तो जो निर्णय देतो, त्यामागे अन्वय-व्यतिरेकाचाच व्यापार असतो. औद्योगिक प्रशिक्षण संस्था व तंत्रनिकेतने यांच्या कार्यशाळेत एक जुनी जीप व खडूचा एक तुकडा एवढ्या सामग्रीवर हे तर्कशास्त्र शिकविता येईल. तसेच तर्कशास्त्राच्या वर्गात कार्यकारणभाव शिकविताना अग्नी व धूम यांच्या पारंपरिक उदाहरणाबरोबर हबच्या चकतीचेही उदाहरण घेता येईल. त्या निदानाच्या खरेखोटेपणावर पावसाळी रात्री एखाद्या वाडीवरून निघालेले वाहन डांबरी रस्त्यापर्यंत पोचणार की नाही, हे अवलंबून असते.